चर्चची पायरी चढवेनाशी झाल्यावर

रविवारी सकाळी घरातली गडबड आवरते, मुले-नातवंडे उपासनेला निघून जातात, दार ओढून घेतल्याचा आवाज येतो आणि घरातले वृद्ध माणूस खाटेवर किंवा खिडकीजवळच्या खुर्चीत मागे उरते. पन्नास-साठ वर्षे ज्याचा एकही रविवार चर्चविना गेला नाही, त्याला या शांततेत जे जाणवते ते निव्वळ एकटेपण नसते. गुडघे वाकत नाहीत, पवित्र शास्त्राची अक्षरे पुसट दिसतात, प्रार्थनेला डोळे मिटले की झोप लागते. आणि मग मनात एक शंका घर करते की, ज्या देवाशी आयुष्यभर बोलत आलो त्याच्याशी असलेली गाठ आता सैल होत चालली आहे. ही शंका फारसे कोणी बोलून दाखवत नाही. डॉक्टरांपुढे तर नाहीच, कारण तिथे गोष्ट साखरेची आणि रक्तदाबाची निघते.

आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर लंडनमध्ये सापडते. डॉ. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. दुर्धर आजाराने शेवटाकडे निघालेल्या माणसांजवळ वर्षानुवर्षे बसून त्यांनी असे मांडले की, रुग्णाची वेदना एकपदरी नसते. तिच्यात शरीराचे दुखणे असते, मनाची भीती असते, घरच्यांची आणि पैशाची काळजी असते आणि आत्म्याची तळमळही असते. त्यातला एक पदर दुर्लक्षिला तर बाकीच्या तिन्हींवर केलेले उपचार अपुरे पडतात. आपल्याकडे वांद्र्याला १९८६ साली उभे राहिलेले शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस याच विचाराचे आहे. तेव्हा ख्रिस्ती घरातील आजी-आजोबांची प्रार्थना कशी चालली आहे, हा प्रश्न त्यांच्या औषधपाण्याइतकाच घरच्यांनी विचारण्याजोगा आहे.

पहिली गोष्ट अशी की, चर्चला जाता न येणे म्हणजे मंडळीपासून तुटणे, ही समजूत ख्रिस्ती परंपरेला मान्य नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणाऱ्या संत जस्टिनने त्या काळच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन करून ठेवले आहे. त्यात जे हजर राहू शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवकांच्या हाती प्रसादाचा वाटा पाठवला जात असे, अशी स्पष्ट नोंद आहे. म्हणजे मंडळी जितकी जुनी, जवळजवळ तितकीच ही घरपोच सेवा जुनी. आजही अनेक कॅथलिक धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू किंवा नेमलेले प्रापंचिक सेवक आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन येतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतात. अडचण बहुधा संकोचाची असते. फादरांना किंवा पाळकसाहेबांना कशाला त्रास, असे म्हणत कितीतरी कुटुंबे निरोपच पाठवत नाहीत. निरोप पाठवावा. ज्यांच्या नावाची यादीत नोंद नाही त्यांच्या दारी कोणी येणार कसे?

मुदपाकखान्यातला धर्मबंधू

रोजच्या जगण्यात देवाचे सान्निध्य कसे राखावे यावर ख्रिस्ती जगात पुष्कळ ग्रंथ आहेत. परंतु वृद्धांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सर्वांत जवळचा वाटावा असा माणूस मठाच्या स्वयंपाकघरात सापडतो. त्याचे मूळ नाव निकोला हेर्मां. फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतात सुमारे १६१४ साली तो जन्मला. तरुणपणी सैन्यात गेला, तीस वर्षांच्या युद्धात पायाला जखम झाली आणि आयुष्यभराचे लंगडेपण घेऊन परतला. पुढे एका बड्या घरी नोकरी केली, तिथे हातून वस्तू फार फुटत. १६४० साली पॅरिसच्या कार्मेल मठात तो साधा धर्मबंधू म्हणून दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. विद्या नव्हती, त्यामुळे धर्मगुरू होण्याचा प्रश्न नव्हता. त्याला काम मिळाले स्वयंपाकघरातले, आणि ते काम त्याला मनापासून नावडते होते. ते त्याने सुमारे पंधरा वर्षे केले. पायाचे दुखणे वाढल्यावर त्याला बसून करण्याचे काम दिले गेले: मठातील बांधवांच्या वहाणा दुरुस्त करण्याचे. १६९१ साली तो वारला. त्यानंतर एका धर्मगुरूने त्याची पत्रे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे जमवून प्रसिद्ध केली. ते छोटे पुस्तक आजही जगभर वाचले जाते.

त्याचे सांगणे अगदी साधे आहे. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ असे दोन कप्पे त्याने ठेवले नाहीत. भांडी घासताना, चुलीवरचे उलटताना, दहा माणसे दहा गोष्टी मागत असताना तो मनातल्या मनात देवाशी दोन शब्द बोलत असे आणि पुन्हा कामाला लागत असे. मन भरकटले तर त्याबद्दल स्वतःला झोडपत बसायचे नाही, हळूच परत आणायचे. हे त्याला एका दिवसात साधले नाही. पहिली सुमारे दहा वर्षे आपण फार तळमळलो असे त्यानेच लिहून ठेवले आहे. मठासाठी द्राक्षासव खरेदी करायला त्याला एकदा नावेने बर्गंडीकडे पाठवले होते. पाय अधू, नावेत चालता येईना, तेव्हा तो पिंपांवरून गडगडत इकडून तिकडे जाई. या गोष्टीत त्याला लाज वाटली नाही. वॉकर घेऊन चालावे लागते म्हणून चारचौघांत जाणे सोडून दिलेल्यांनी ही पिंपांची गोष्ट जरूर आठवावी.

मन प्रार्थनेत ठरत नाही अशी तक्रार करणाऱ्या एकीला त्याने पत्रातून दिलेला सल्ला मला विशेष मोलाचा वाटतो. श्रीमंताच्या दारापाशी एखादा मुका, पांगळा याचक नुसता बसून राहतो, तसे देवापुढे बसून राहावे, अशा आशयाचे त्याने लिहिले. शब्द सुचले नाहीत तरी चालतील. तिथे असणे पुरे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता असू शकेल?

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर केडगावच्या मुक्ती सदनाकडे पाहावे. पंडिता रमाबाईंना तरुणपणापासूनच कमी ऐकू येत असे. इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा बेत त्यामुळेच मागे पडला. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. त्या आघातानंतरही ते काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंनी डोळे मिटले आणि भाषांतर त्यांच्या पश्चात छापून निघाले. लेखणी, छापखान्याची मुद्रिते आणि आश्रमातील शेकडो मुली यांच्यामधून वेगळी काढता येईल अशी त्यांची प्रार्थना नव्हती.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

अंथरुणाला खिळलेल्या सासूचे किंवा पतीचे सारे करणारी बाई अनेकदा म्हणते, "मला प्रार्थनेला वेळच उरत नाही." पहाटे कपडे बदलणे, दात आणि तोंड स्वच्छ करणे, गोळ्या, पेज, कुशीवर वळवणे, पुन्हा कपडे बदलणे. रात्री पाठ टेकते तेव्हा जपमाळेचा दुसरा मणीही हाती येत नाही. अशांना संत ऑगस्टीनने सुमारे ४१२ साली प्रोबा नावाच्या एका विधवेला लिहिलेले पत्र उपयोगी पडेल. प्रार्थना कशी करावी असे तिने विचारले होते. उत्तर देताना त्याने इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांचा दाखला दिला: ते प्रार्थना वारंवार करत, पण अतिशय थोडक्यात, बाण सोडावा तशी. लांब प्रार्थनेत लक्ष विरते. छोटी प्रार्थना विरायच्या आत पोचलेली असते.

मराठी माणसाला ही रीत परकी नाही. नामस्मरणाची सवय आपल्या हवेतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती मंडळीत भजन-कीर्तन आणले त्यामागेही हीच ओळख होती. तुकारामांचे ऋण तर ते मोकळेपणाने मानत. म्हणून एखादे छोटे वाक्य निवडावे, येशूचे नाव असलेले, एका श्वासात मावणारे, आणि ते दिवसातल्या ठरावीक कामाला बांधून टाकावे. चादर झटकताना एकदा. औषधाच्या डबीचे झाकण उघडताना एकदा. रात्री दिवा मालवण्यापूर्वी संत इग्नेशियसच्या पद्धतीने दिवसावर ओझरती नजर टाकावी: आज कोणत्या क्षणी देव जवळ वाटला, कोणत्या क्षणी आपला तोल गेला. पाच मिनिटे पुरतात. इग्नेशियस स्वतः १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी होऊन महिनोन्‌महिने अंथरुणावर पडला होता. घरात येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा सोडून दुसरे वाचायला काही नव्हते; त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या खाटेवर ठरले.

इथे एक गोष्ट रोखठोक सांगितली पाहिजे. "तुमची सेवा हीच तुमची प्रार्थना" हे वाक्य खरे आहे, पण ते कोण म्हणतो यावर त्याचा अर्थ ठरतो. शुश्रूषा करणारीने ते स्वतःशी म्हटले तर बळ येते. दर रविवारी निवांतपणे चर्चला जाऊन आलेल्या दिरा-नणंदांनी ते तिला ऐकवले तर ती आपली जबाबदारी टाळण्याची सोज्वळ युक्ती होते. रुग्णाजवळ आळीपाळीने बसावे आणि जिच्यावर सारा भार आहे तिला महिन्यातून दोन रविवार तरी उपासनेला जाऊ द्यावे. मंडळीतल्या तरुणांनी हे काम अंगावर घेतले तर धर्मसेवेचे त्याहून चांगले काम शोधावे लागणार नाही. थकून गेलेल्या शुश्रूषाकाराची चिडचिड, निद्रानाश आणि पाठदुखी हे आजारच आहेत; त्यांना भक्तीची उणीव समजू नये.

गुडघे, उपास आणि औषधे

वयस्कर भाविकांपैकी कित्येकांच्या मनात असे असते की, बसून केलेली प्रार्थना अर्धवट आणि गुडघे टेकून केलेली पुरी. सांध्यांची झीज झालेल्यांनी गुडघे टेकण्याचा आग्रह सोडावा. वर उठताना खरा धोका असतो: रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब उभे राहताच एकाएकी खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडणे ही लहान बाब नव्हे. पहाटेच्या प्रार्थनेसाठी उठतानाही आधी कुशीवर वळावे, मग खाटेच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटे बसावे आणि त्यानंतर आधार धरून उभे राहावे. हातांची खुर्ची, पाठीला उशी, पायांखाली पाट. एवढी सोय केली की अर्धा तास मन दुखण्याकडे जात नाही.

उपासाच्या बाबतीत तर चर्चचा नियम आपल्या समजुतीहून कितीतरी सौम्य आहे. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधानानुसार राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपास बंधनकारक आहे तो वयाच्या १८ व्या वर्षापासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत. साठीत पाऊल टाकलेल्यावर तो बंधनकारकच नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास काही खाऊ नये असा नियम आहे, पाणी आणि औषध त्यातही चालते. पण वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना त्या एका तासात काही खाल्ले असले तरी ते स्वीकारता येते, असे त्याच विधानाच्या कलम ९१९ मध्ये म्हटले आहे. काळजी घेणाऱ्यांचा उल्लेख त्यात मुद्दाम केलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी मिस्साला जाणे घातक आहे. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी शुद्ध असेल तर ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्यावे. उपास करायचीच इच्छा असेल तर डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा ठरवाव्यात, किंवा दूरचित्रवाणीचा, एखाद्या आवडत्या पदार्थाचा त्याग करावा. तपश्चर्येला पर्याय असतात, मेंदूला लागणाऱ्या साखरेला नसतो.

पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्यांचे नातेवाईक ख्रिस्तशरीर घ्यायचे बंदच करतात. त्याचीही गरज नाही. भाकरीचा अगदी बारीक कण चमचाभर पाण्याबरोबर देता येतो, आणि तेही जमत नसेल तर गरजेपोटी केवळ द्राक्षरसाच्या रूपात तो संस्कार देण्याची मुभा आहे. पाणी पिताना ठसका लागत असेल तर कोणता मार्ग सुरक्षित, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे. धर्मगुरूंना ही अडचण आधी सांगितली म्हणजे ते तयारीने येतात.

तेल लावण्याच्या संस्काराविषयीही भीती आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता आशा सरली, अशी समजूत जुन्या पिढीत खोल रुजलेली आहे, आणि म्हणून त्यांना बोलावणे शेवटच्या तासापर्यंत लांबवले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार मरणासन्नांचा नसून आजाऱ्यांचा आहे असे स्पष्ट केले. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, वार्धक्याने शक्ती क्षीण झाल्यावर तो घेता येतो आणि प्रकृती पुन्हा बिघडल्यास पुन्हाही घेता येतो. रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला प्रार्थनेत सूर मिसळता येत असताना तो व्हावा, हे उत्तम.

स्मरण विझू लागते तेव्हा

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला मुलाचे नाव आठवत नाही, सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. पण कोणी प्रभूची प्रार्थना सुरू केली की तिचे ओठ हलू लागतात. हे पुष्कळ घरांत घडते आणि त्यात गूढ काही नाही. नव्या घटनांची नोंद ठेवणारी मेंदूची व्यवस्था या आजारात लवकर ढासळते. लहानपणी शेकडो वेळा घोकलेले शब्द, चाली आणि हातांच्या सवयी त्या मानाने उशिरापर्यंत टिकतात. वसईच्या घरांतून संध्याकाळी म्हटली जाणारी रोझरी, अहमदनगर-जालन्याकडच्या मंडळ्यांतून उपासना संगीतातली गायिली जाणारी गीते ही अशा वेळी उपयोगी पडणारी पुंजी आहे. मराठी ख्रिस्ती परंपरा मुळात गाण्याची आणि ओवीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीच्या राशोल येथून १६१६ साली प्रसिद्ध केलेले सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण ऐकण्यासाठी आणि म्हणण्यासाठी रचले होते; वाचता न येणाऱ्यालाही ते कानावाटे पोचत असे.

त्यामुळे अशा रुग्णाजवळ प्रार्थना करताना नवे काही शिकवू नये. त्यांच्या लहानपणी ज्या बोलीत आणि ज्या शब्दांत प्रार्थना चालत असे तीच वापरावी; सामवेदी बोलीत वाढलेल्या आजीला शुद्ध मराठीतले नवे भाषांतर ओळखीचे वाटेलच असे नाही. जपमाळ हातात द्यावी. मोजणी चुकली तरी मणी बोटांखालून सरकण्यात आधार आहे. वेळ रोजची तीच ठेवावी, शक्यतो दिवेलागणीची, कारण याच सुमारास अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते. दूरचित्रवाणीवरचा मिस्सा लावून दिला आणि घरची माणसे आपापल्या कामाला गेली, असे करू नये. पडद्यावरच्या गर्दीने काही रुग्ण गोंधळतात. शेजारी बसून, हात धरून, दोनच गीते म्हणावीत. "आठवतंय का?" असे विचारू नये, आपण सुरुवात करावी आणि वाट पाहावी.

संशोधन काय सांगते

प्रार्थनेच्या आरोग्यपरिणामांविषयी समाजमाध्यमांतून पुष्कळ भडक मजकूर फिरतो, म्हणून तीन अभ्यास थोडक्यात. इटलीतील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी प्रौढांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. लॅटिनमधील मरियेची जपमाळ म्हणताना, तसेच एक योगमंत्र जपताना, श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येत होती आणि रक्तदाबाचा समतोल राखणारी शरीरातील यंत्रणा त्या काळात अधिक तत्पर होत होती. अभ्यास लहान, माणसे निरोगी. तरी सावकाश म्हटलेल्या प्रार्थनेने शरीरही शांत होते, इतके त्यातून घ्यायला हरकत नाही. भरभर उरकलेल्या रोझरीला हे लागू नाही!

अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांच्या दीर्घ पाहणीवर आधारलेला निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांचे मृत्युप्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र यात मंडळीतील मायेच्या माणसांचा वाटा मोठा असावा, असे अभ्यासकांचेच निष्कर्ष सुचवतात. ज्याची मंडळी सुटली त्याचा हा आधारही सुटतो. घरी भेटायला जाण्याचे महत्त्व इथे आहे.

तिसरा अभ्यास भाविकांना खटकेल, पण तो लपवू नये. २००६ साली हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरील पाहणी प्रसिद्ध झाली. अनोळखी ख्रिस्ती गटांकडून काहींसाठी प्रार्थना करविली गेली. प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के आणि न झालेल्यांत ५१ टक्के निघाले. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के होते. प्रार्थना ही मात्रेने मोजून द्यायची गोळी नव्हे, हे श्रद्धावंतांना या पाहणीपूर्वीही माहीत असायला हवे होते. म्हणून "विश्वास असेल तर औषध सोडा" असे सांगणारा कोणीही, कितीही मोठ्या व्यासपीठावरून बोलत असो, त्याचे ऐकू नये. शुभवर्तमान लिहिणारा लूक परंपरेने वैद्य मानला जातो, आणि कॅथलिक बायबलातील प्रवक्त्याच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्याचा आणि औषध न नाकारण्याचा उपदेश आहे. "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून बरे वाटत नाही" हे आजाऱ्याच्या उशाशी बोललेले वाक्य तर क्रूर आहे. ईयोबाच्या मित्रांनी तेच केले, आणि त्या ग्रंथाच्या शेवटी देवाने त्यांची कानउघाडणी केली.

कोरडेपणा आणि उदासीनता

प्रार्थनेत काहीच जाणवेनासे होणे, ही जुनी आणि थोरामोठ्यांना आलेली अवस्था आहे. संत योहान ऑफ द क्रॉस यांनी सोळाव्या शतकात तिला रात्रीची उपमा दिली. त्या रात्रीतही माणूस जेवतो, झोपतो, नातवाच्या खोडीला हसतो आणि देवाची ओढ त्याला राहतेच. पण सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ मन खिन्न असेल, एकाही गोष्टीत रस वाटत नसेल, झोप पहाटे तीनलाच उडत असेल, भूक मेली असेल, आपण सर्वांना ओझे आहोत असे वारंवार तोंडी येत असेल, तर तो बहुधा नैराश्याचा आजार असतो. वृद्धांत तो पुष्कळदा अंगदुखीच्या आणि विसरभोळेपणाच्या रूपाने येतो. थायरॉइडचे बिघाड, काही औषधे यांनीही तो ओढवतो. त्यावर चांगले उपचार आहेत. "देवाने आता मला बोलवावे" हे वाक्य वृद्धाच्या तोंडी नेहमीचे म्हणून सोडून देऊ नये. कधी ते शांत तयारीचे असते, शिमोनासारखे. कधी ते मदतीची हाक असते. दोहोंतला फरक शेजारी बसून विचारल्यावाचून कळत नाही, आणि जीव नकोसा झाल्याची छटा त्यात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

भेटीला जाताना

आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाणाऱ्यांसाठी थोडे सांगायचे राहिले. आधी कळवून जावे; जेवणाची, अंघोळीची आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळावी. उभ्याने बोलू नये. रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल असे, ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला बसावे. कानातले यंत्र लावले आहे का ते पाहावे, पंख्याचा आणि दूरचित्रवाणीचा आवाज कमी करावा. प्रार्थना करू का, असे विचारावे. "आज नको" हेही उत्तर मान्य करावे. कशासाठी प्रार्थना करू, असेही विचारावे. आपण बरे होण्यासाठी करायला सज्ज असतो आणि आजोबांच्या मनात असते धाकट्याचे रखडलेले लग्न, किंवा तीस वर्षांपूर्वी भावाशी तुटलेला अबोला. स्तोत्रसंहितेतले ७१ वे स्तोत्र म्हातारपणी टाकून देऊ नकोस अशी विनवणी करणाऱ्या माणसाचे आहे. ते मोठ्याने, सावकाश वाचावे. एकूण दहा-पंधरा मिनिटे पुरेत. निघण्यापूर्वी त्यांनाही आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावे, आणि नेमके नाव, नेमकी अडचण सांगून सांगावे: नातीची परीक्षा, शेजारच्या बाईचे ऑपरेशन. मंदिरात रात्रंदिवस प्रार्थना करणारी हन्ना ८४ वर्षांची होती असे लूक सांगतो. पुढच्या भेटीत त्या परीक्षेचे आणि त्या ऑपरेशनचे काय झाले, ते आठवणीने त्यांच्या कानावर घालावे.